जानेवारीतल्या मतलईपासून थंड अटलांटिकपर्यंत: सर्फिंग करताना आणि नंतर अंग उबदार कसं ठेवायचं

गोव्याच्या समुद्राचं पाणी ऐन जानेवारीतही २७-२८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पायावर पहिली लाट आली म्हणून इथे कुणी किंचाळत नाही. तरीही त्या महिन्यात सकाळी सात-साडेसातला आश्वे किंवा मांद्र्याच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. तासभर बोर्डवर काढून बाहेर आलेली मुलं हात काखेत दडवून, दात वाजवत उभी असतात आणि शॅकवाला चहा कधी टाकतो याची वाट बघत असतात. इथे थंडी वाजते ती मुख्यतः पाण्याबाहेर. हे एकदा कळलं की जगातल्या कुठल्याही थंड किनाऱ्यावर काय करायचं याचा अर्धा उलगडा होतो.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, इथेच पेडण्यात किंवा काणकोणात हिवाळ्यात पहाटे पाण्यात उतरणारे. दुसरे, इथे सर्फिंग शिकून नोकरी-शिक्षणासाठी पोर्तुगाल, इंग्लंडकडे गेलेले. गोव्यात वाड्यावाड्यावर कुणीतरी ‘भायर’ असतंच, आणि हल्ली त्यातले काही जण तिकडच्या समुद्राची चौकशी करतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: लोक वेटसूटवर, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या घट्ट रबरी पोशाखावर, जेवढं डोकं खपवतात त्याच्या निम्मंही बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांवर खपवत नाहीत. आणि खरा घात तिथेच होतो.

ऊब जाते कुठे

पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. आपली त्वचा साधारण ३३ अंशांवर असते, त्यामुळे २७ अंशांचं ‘कोमट’ पाणीदेखील हळूहळू ऊब नेतच असतं. अंगाने बारीक माणसं आणि लहान मुलं आधी काकडतात, कारण त्यांच्या शरीरात साठवलेली ऊब कमी आणि तिला बाहेर पडायला त्या मानाने जागा जास्त.

बाहेर आल्यावर काम वाऱ्याचं. ओल्या कपड्यातलं पाणी वाळताना उष्णता खातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात आणि त्यातली बरीचशी तुमच्या अंगातून जाते. ओला टी-शर्ट घालून वाऱ्यात उभं राहणं म्हणजे स्वतःचा माठ करून घेणं. पाणी गार ठेवण्याची माठाची युक्ती नेमकी हीच.

गोव्यात याला मतलईची जोड मिळते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहू लागतो. लाटा गुळगुळीत आणि उभ्या होतात त्या याच वाऱ्याने. दिवस वर आल्यावर खारा वारा सुटला की पाणी खडबडीत होतं, म्हणून सर्फिंग करणारे पहाटेच येतात. म्हणजे चांगली लाट आणि बोचरा वारा हा एकच सौदा आहे, त्यातलं एक सोडून दुसरं घेता येत नाही.

गोव्यातल्या हिवाळ्यापुरतं

इथे मोठा खर्च लागत नाही. लायक्राचा रॅश गार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पातळ शर्ट, उन्हापासून आणि बोर्डवरच्या मेणाच्या घासण्यापासून वाचवतो, थंडीपासून नाही. उलट तो ओला राहून वाऱ्यात जास्त गारठवतो. पहाटेच्या वाऱ्यात रोज उतरणार असाल तर दीड-दोन मिलिमीटर जाडीचा निओप्रीनचा, म्हणजे वेटसूटच्या रबराचा, टॉप घ्या, पूर्ण सूट नको. पूर्ण सूट घालून आठ वाजताच्या उन्हात पॅडल करून, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारून बघा, घामाने निथळाल. टॉपच्या छातीवर गुळगुळीत रबराचा भाग असेल तर उत्तम. कापडाचं अस्तर बाहेरून असलेलं निओप्रीन पाणी धरून ठेवतं, गुळगुळीत रबरावरून ते ओघळून जातं.

बाहेर आल्यावर गप्पा मारायच्या आधी वरचा ओला कपडा काढा, डोकं पुसा, कोरडा शर्ट चढवा. पुसायला साधा पंचा पुरतो आणि तो पटकन वाळतो. स्कूटरवरून घरी जायचं असेल तर पावसाळ्यातला रेनकोट डिकीत असू द्या. ताशी चाळीसच्या वेगाने जाताना अंगावर येणारा वारा अडवायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. आपल्याकडे ओल्याच शॉर्ट्सवर स्कूटर पळवायची आणि मग दिवसभर शिंकत बसायचं अशी पद्धत आहे. शिंका विषाणूमुळे येतात की वाऱ्यामुळे हा वाद बाजूला ठेवा, निदान काकडणं तरी टाळता येतं.

मुलं बरोबर असतील तर घड्याळापेक्षा त्यांच्या ओठांकडे बघा. ओठ निळसर दिसले की बाहेर. ‘अजून एकच लाट’ ऐकायचं नाही.

तिकडच्या पाण्याचा हिशेब

पोर्तुगालमध्ये एरिसेइरा, पेनिश ही सर्फिंगची गावं. हिवाळ्यात तिथलं पाणी १४-१५ अंशांच्या घरात असतं. फसगत होते ती उन्हाळ्यात. जुलैत लिस्बनला घाम फुटतो, पण उत्तरेकडचा वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यामुळे भर उन्हाळ्यातही पाणी १६ ते १८ अंशांच्या वर फारसं जात नाही. ‘उन्हाळ्यात जातोय, बोर्डशॉर्ट्स पुरे’ असं ठरवून निघू नका.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये समुद्र सर्वांत थंड असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ९-१० अंश. हवा उबदार व्हायला लागली तरी समुद्र मागे राहतो. याचा फायदा शरद ऋतूत मिळतो: सप्टेंबरात तेच पाणी १६-१७ अंशांवर असतं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला थर्सो आहे. हिवाळ्याच्या शेवटी तिथे पाणी सहा-सात अंशांवर येतं. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात जा.

वेटसूट निवडताना

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास निओप्रीनचा सूट बनवला. सूटमध्ये शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो आणि तोच आपल्याला उबदार ठेवतो, असं आजही सर्रास सांगितलं जातं. खरं काम करतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. आत पाणी जितकं कमी तितकं चांगलं. म्हणून जाड पण ढगळ सूटपेक्षा पातळ पण घट्ट सूट जास्त ऊब देतो. ढगळ सूटमध्ये प्रत्येक बुडीबरोबर पाठीवरून थंड पाण्याचा नवा लोट फिरतो.

घालून बघताना कंबरेच्या मागे, काखेत आणि गुडघ्याच्या मागे चिमटीत रबर येतंय का ते पाहा. येत असेल तर लहान माप घ्या. दोन्ही हात वर करून पॅडलची हालचाल करा. खांद्याला ओढ बसली तर दुसरी कंपनी बघा, मोठं माप नको. कोरड्या दुकानात सूट जरा जास्तच आवळतोय असं वाटणं ठीक, श्वास अडकणं ठीक नाही.

सूटवर ३/२, ४/३, ५/४ असे आकडे असतात. पहिला आकडा धडाची जाडी, दुसरा हातापायांची, मिलिमीटरमध्ये. माझा ठोकताळा असा: १७ ते २० अंशांच्या पाण्याला ३/२, १३ ते १६ ला ४/३, ९ ते १२ ला ५/४, सोबत बूट, हातमोजे आणि टोपी, त्याखाली ६/५ आणि टोपी सूटलाच जोडलेली. हा ठोकताळा तिकडच्या लोकांच्या अंगाला बेतलेला आहे. पंचवीस-तीस वर्षं पेडण्याच्या हवेत वाढलेल्या माणसाने पहिल्या वर्षी एक पायरी जाड घ्यावी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शिवणीकडे नीट बघा. सुई रबराच्या आरपार गेलेली, रुळासारखी दिसणारी सपाट शिवण म्हणजे फ्लॅटलॉक. तिच्या भोकांतून पाणी झिरपतं, उन्हाळी सूटला ती चालते. थंड पाण्यासाठी आधी चिकटवून मग अर्ध्याच जाडीतून शिवलेली, म्हणजे ग्लूड अँड ब्लाइंडस्टिच्ड शिवण हवी. त्यावर आतून टेप असेल तर आणखी चांगलं. पाठीवरच्या चेनपेक्षा छातीवरच्या चेनचा सूट कमी गळतो. घालायला मात्र सुरुवातीला झटापट करावी लागते.

पहिला सूट इथून विकत घेऊन जाऊ नका. तिकडे प्रत्येक सर्फ स्कूल भाड्याने देतं. दोन-तीन जाड्या, दोन-तीन कंपन्या घालून बघा आणि मग पैसे टाका.

बूट तीन किंवा पाच मिलिमीटरचे. पण तंग घेतले तर रक्त अडतं आणि पाय जास्त बधिर होतात. सूटचा पाय बुटाच्या वर घ्या, नाहीतर बुटात पाणी भरून पाय शिशासारखे जड होतात. टोपीला बरेच जण शेवटपर्यंत टाळतात, कारण ऐकू कमी येतं आणि फोटो वाईट येतो. १२ अंशांच्या खाली ती घालाच. वर्षानुवर्षं थंड पाणी आणि वारा कानात गेला तर कानाच्या नळीतलं हाड वाढून ती अरुंद होते, याला सर्फर्स इअर म्हणतात, आणि ते हाड कमी करायला शस्त्रक्रिया लागते. कानात घालायचे बोळे स्वस्त आहेत.

उतरण्याआधी

आदल्या रात्री बॅग भरताना बाहेर आल्यावरचा क्रम डोळ्यांसमोर आणा आणि कपडे उलट्या क्रमाने ठेवा. सर्वांत वर टॉवेल आणि लोकरी टोपी, मग आतला लोकरीचा किंवा थर्मल बनियन, स्वेटर, वारा अडवणारं जाकीट, पँट, मोजे. सुती बनियन नको. ओला झाला की तो ऊब धरत नाही, लोकर ओली झाली तरी थोडीफार धरते. पायात सहज सरकवता येतील असे सैल बूट ठेवा, कारण बधिर बोटांनी नाड्या बांधता येत नाहीत. चार्जिंग असलेला फोन आणि गाडीची किल्ली अशा जागी असू द्या की बोटं वळत नसतानाही निघेल.

थर्मास दोन. एकात आल्याचा गोड चहा किंवा कुळथाची पिठी. पिठीचं पीठ घरून नेता येतं, गरम पाण्यात शिजायला वेळ लागत नाही आणि लंडनच्या दुकानातल्या पाकीटबंद सूपपेक्षा ती दसपटीने बरी लागते. दुसऱ्यात नुसतं गरम पाणी, हातापायांवर ओतायला. सोबत खाजे, चिक्की किंवा खजूर. आलं-गुळाचं खाजे थंडीतही दगडासारखं होत नाही, चॉकलेट होतं.

उतरण्याच्या तास-दीड तास आधी पोहे, ओट्स, भाकरी असं काहीतरी खा. उपाशीपोटी शरीर कुडकुडून पुरेशी ऊब तयार करू शकत नाही. पाणीही प्या. सूट शक्यतो घरात किंवा गाडीत चढवा. पायावर प्लॅस्टिकची पिशवी घातली की सूट सरकन चढतो. मग वाळूवर पाच-दहा मिनिटं धावा, हात फिरवा, घाम फुटायच्या आत थांबा. गारठलेलं अंग सूटमध्ये कोंबलं तर सूट गारठाच टिकवून ठेवतो.

पहिली तीन मिनिटं

१५ अंशांखालच्या पाण्यात अचानक शिरलं की शरीराला कोल्ड शॉक बसतो: जोरात श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, छाती धडधडते. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हा झटका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. धोका हा की तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पाणीच आत जातं. गोव्यात आपण धावत जाऊन पहिल्याच लाटेखाली डोकं घालतो. ती सवय तिकडे मोडावी लागेल.

कंबरेपर्यंत जा, थांबा. सूटच्या गळ्यातून थोडं पाणी आत घ्या, तोंडावर आणि मानेवर मारा. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, लांब आणि सावकाश. धाप थांबली, दोन वाक्यं सलग बोलता आली की मगच पॅडल सुरू करा. पहिल्या दोन-तीन डक डाइव्हला, म्हणजे बोर्डसकट लाटेखालून बुडी मारताना, कपाळात सणक जाईल, ती जाते.

पाच-सहा वेळा दोन-तीन मिनिटांची थंड बुडी घेतली तर हा झटका बराच कमी होतो आणि ही सवय कित्येक महिने टिकते, असं टिप्टन यांच्याच प्रयोगांतून दिसलं आहे. गोव्यात विहिरीचं पाणीही कोमटच, त्यामुळे इथे तयारी करायची तर टबात बर्फ टाकूनच. ती एकट्याने करू नका, डोकं बुडवू नका, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पाण्यात असताना

किती वेळ राहायचं ते वाळूवर उभं असतानाच ठरवा, पाण्यात नाही. दहा अंशांच्या आसपास पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास भरपूर झाला. गारठलेला मेंदू नेहमी ‘अजून बरा आहे मी’ असंच सांगतो. बोर्डवर बसून राहिलात तर छाती वाऱ्यात उघडी पडते, म्हणून लाट येत नसेल तेव्हाही हळूहळू पॅडल करत राहा. लहान आणि वारंवार येणाऱ्या लाटा घ्या, मोठीची वाट बघत बसू नका.

अंगठ्याचं टोक करंगळीला लावून बघा. दर दहा-पंधरा मिनिटांनी. जमत नसेल तर बोटांतली ताकद गेली, आता किनाऱ्याकडे निघा. बोटं जुळून राहत नाहीत आणि पंजा फाकतो, तेव्हा पॅडल अर्ध्यावर येतं. परत येण्याइतका दम हातात असतानाच निघायचं.

आता थोडं अवघड जागेचं. थंड पाण्यात रक्त हातापायांतून आत ओढलं जातं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. सगळे सर्फर सूटमध्येच करतात. कुणी नाही म्हणालं तर तो नवीन आहे. मिनिटभर ऊब मिळते, एवढंच. पण शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून बाहेर आल्यावर प्यायला विसरू नका. आणि भाड्याचा सूट परत देताना आतून धुऊन द्या.

बाहेर आल्यावरची दहा मिनिटं

पाण्यातून बाहेर आलात म्हणजे थंडी संपली असं नाही. शरीराच्या आतलं तापमान बाहेर आल्यावरही दहा ते तीस मिनिटं उतरत राहू शकतं. याला आफ्टरड्रॉप म्हणतात. त्यामुळे बाहेर येताना ठीक वाटणारा माणूस गाडीपाशी पोचून लटलटू लागतो. या वेळात गप्पा, फोटो, बोर्ड धुणं, काहीही नाही.

गाडीच्या किंवा भिंतीच्या आडोशाला या. खाली रबरी चटई किंवा घमेलं ठेवा, थंड डांबरावर अनवाणी उभं राहू नका. थर्मासमधलं पाणी कोमट करून, कोपराने तपासून, हातापायांवर ओता. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. मोठा चेंजिंग रोब, म्हणजे आतल्या आत कपडे बदलता येतील असा ढगळ झगा, असेल तर उत्तम, नसेल तर घोंगडी पांघरा. घोंगडी वारा अडवते आणि ओली झाली तरी उबदार राहते. धनगरांनी हे कधीच सिद्ध केलं आहे. सूट आधी कंबरेपर्यंत उतरवा, लगेच धड पुसा, बनियन, स्वेटर आणि टोपी घाला. कंबरेच्या वर सगळं कोरडं झाल्यावरच खालचा भाग. पूर्ण नागवं होऊन मग कपडे शोधणं ही हमखास काकडण्याची वाट.

मग गोड, गरम पेय घोट घोट. खा. हळूहळू चाला. कुडकुडणं चालू असेल तर चालू द्या, शरीर तेवढं काम करतंय. ते थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

गरम शॉवर लगेच घेऊ नका. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, रक्तदाब खाली येतो आणि माणूस न्हाणीघरात चक्कर येऊन पडू शकतो. अंग आतून तापल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने घ्या.

आणि फेणी. ‘एक पेग मारला की ऊब येते’ हे आपल्याकडे कुणालाही विचारा, सांगतील. येते ती ऊब कातडीवर आलेल्या रक्ताची, आणि तीच झपाट्याने बाहेर जाते. शिवाय कुडकुडणं मंदावतं. पेग रात्री जेवताना घ्या.

कुणी खरंच गारठलं तर

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. बोलणं जड होतं, पाय अडखळतात, चेन लावता येत नाही, माणूस उगाच चिडतो किंवा गप्प होतो. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि सुस्तावला तर ते बरं लक्षण नाही, फार वाईट आहे. त्याला आडवं झोपवा, ओलं काढून कोरडं गुंडाळा, जमिनीपासूनही वेगळं ठेवा, डोकं झाका. हातपाय चोळू नका, चालवू नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम पेय. ताबडतोब ११२ ला फोन करा. हा क्रमांक युरोपात, ब्रिटनमध्ये आणि भारतातही चालतो. ब्रिटनमध्ये समुद्रावर असाल तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

सूट वाळवणं

ओला सूट दुसऱ्या सकाळी चढवण्याइतकं मन खचवणारं दुसरं काही नाही. दर वेळी गोड्या पाण्यात बुचकळा, आतली बाजू बाहेर करून कंबरेत दुमडून जाड दांडीवर टाका. खांद्यावर टांगला तर पाण्याच्या वजनाने तो ताणतो. आतली बाजू आधी वाळवा, म्हणजे निदान अंगाला लागणारा भाग कोरडा मिळेल. ऊन आणि हीटर दोन्ही नको, रबर कडक होऊन भेगाळतं. बुटांत आणि मोज्यांत जुना पेपर कोंबा आणि तासाभराने बदला. रोज उतरणार असाल तर एका जाड सूटपेक्षा दोन मध्यम सूट परवडतात.

सुट्टीत सूट गोव्यात आणलात तर जूनच्या आधी त्याची सोय लावा. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या निओप्रीनला महिन्याभरात बुरशी धरते. पूर्ण वाळवून, घडी न घालता, सैल गुंडाळी करून हवा खेळेल अशा जागी ठेवा, आणि पावसाने उघडीप दिली की काढून सावलीत वारा द्या. चेनला थोडं मेण चोळून ठेवलं तर ती मिठाने अडकत नाही.